अनुभूतीसाठी उसनी खुर्ची

समावेशकता-दिनासाठी भाड्याने मागवलेल्या व्हीलचेअर इमारतीत शिरू शकल्या नाहीत. दारापुढे पायऱ्या होत्या. रुंद, गुळगुळीत, दोन्ही बाजूंना पितळी कठडे असलेल्या त्या पायऱ्यांचा विमा कंपनीच्या या शाखेला मोठा अभिमान होता. त्या एखाद्याला चढता येणार नाहीत, ही शक्यता आजवर कुणाला सुचली नव्हती. समावेशकता-दिनाची तयारी महिनाभर चालू असतानाही सुचली नव्हती. खुर्च्या घेऊन आलेला टेम्पोवाला खालून वर पाहत होता आणि मनुष्यबळ अधिकारी मॅडम वरून खाली पाहत होत्या.

"उचलून आणा ना दादा!"

"मॅडम, चाकं आहेत त्यांना. ढकलायच्या असतात. उचलायचं ठरलं नव्हतं. उतार कुठंय?"

"मागच्या दाराला आहे बघा थोडासा. कचऱ्याचे डबे नेतात तिथून."

टेम्पोवाला मागे जाऊन पाहून आला आणि त्याने नाक मुरडले. "छे, तिथून नाही जमायचं. सगळी घाण, ओलं. खुर्च्या खराब झाल्या तर शेठ माझी सालटी काढेल."

त्याच दाराने दावे-विभागातल्या ताई कित्येक वर्षे रोज सकाळी कामावर येत होत्या आणि संध्याकाळी घरी जात होत्या. रिकामी खुर्ची जिथून नेऊ नये असे एका टेम्पोवाल्याला क्षणात कळले, तिथून माणूस बसलेली खुर्ची रोज जाते याचे कंपनीला मात्र कधी काही वाटले नव्हते.

टेम्पो खुर्च्यांसकट निघून गेला आणि मॅडमची पंचाईत झाली. दिवसाचा सारा डोलारा 'अनुभूती-सत्रा'वर उभा होता. प्रत्येक अधिकाऱ्याने थोडा वेळ व्हीलचेअरवर बसायचे, अपंगत्व अनुभवायचे, गहिवरायचे आणि मग अल्पोपाहाराला जायचे, अशी आखणी होती. पहिला मान शाखाप्रमुख साहेबांचा. आता मान होता, शाखाप्रमुख होते, गहिवरही तयार होता. खुर्ची तेवढी नव्हती. मॅडम धावतच दावे-विभागात शिरल्या.

"ताई! एक छोटीशी मदत. तुमची खुर्ची हवीय. फक्त दहा मिनिटं!"

ताईंनी समोरच्या कागदांवरून मान वर केली. "कशाला?"

"जागृतीसाठी!"

"आणि मी काय करू?"

"तुम्हाला तर अनुभव आहेच ना," मॅडम अगदी निरागसपणे म्हणाल्या. "तुम्ही साहेबांच्या केबिनमध्ये त्यांच्या खुर्चीवर बसा. मस्त कातड्याची आहे, गोल फिरते."

दुसरा कोणता दिवस असता तर ताईंनी जे उत्तर दिले असते, ते कंपनीच्या कुठल्याही आचारसंहितेत बसले नसते. पण त्या दिवशी दुपारी त्यांची मुलाखत होती. दावेप्रमुखाच्या पदासाठी त्यांनी तिसऱ्यांदा अर्ज केला होता. आधीच्या दोन्ही मुलाखतींत त्यांना कामाविषयी एकही प्रश्न विचारला गेला नव्हता. घरून कोण सोडते, पावसात कसे करता, दमायला होत नाही का, अशी प्रेमळ चौकशी झाली होती आणि अखेरीस 'तुम्हाला त्रास नको' म्हणून पद दुसऱ्याच कुणाला तरी मिळाले होते. यावेळी मुख्यालयातून नवे संचालक येणार होते. त्यांना शाखेत अजून कुणी पाहिलेले नव्हते. साहेबांची शिफारस मात्र लागणारच होती. खुर्ची नाकारली असती तर साहेबांना वाईट वाटले असते, आणि वाईट वाटलेला माणूस शिफारस करत नाही.

"दहा मिनिटं," ताई म्हणाल्या. "अकरावं नको."

केबिनमध्ये जाऊन त्या आपल्या खुर्चीवरून साहेबांच्या खुर्चीवर सरकल्या. मॅडम रिकामी व्हीलचेअर घेऊन वाऱ्यासारख्या पसार झाल्या. तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. आई होती.

"झाली का गं मुलाखत?"

"अजून नाही. माझी खुर्ची नेलीय."

"कुणी मेल्यानं?"

"ऑफिसनं. जागृती करायला."

"मग तू कशावर बसलीस?"

"साहेबांच्या खुर्चीवर."

"अगंबाई!" आईचा आवाज आनंदाने चिरकला. "म्हणजे मिळालं की पद! त्याहूनही मोठं मिळालं!"

तिकडे व्हरांड्यात साहेबांनी अनुभूतीला प्रारंभ केला होता. ताईंची खुर्ची ताईंच्या मापाने बनवलेली होती. बसण्याची जागा नेमकी त्यांच्याइतकी आणि दोन्ही बाजूंना पोलादी पत्रे. साहेबांचे माप निराळे होते. ते टेकले, किंचित अडले, जोर देऊन आणखी टेकले आणि खाली एक भरीव आवाज झाला.

"छान बसली," साहेब म्हणाले. "अंगाला अगदी धरून आहे."

अनुभूती सर्वांगीण व्हावी म्हणून मॅडमनी बाकीच्यांचीही सोय लावली होती. सगळे कर्मचारी सभागृहात डोळ्यांना पट्ट्या बांधून मनन करत बसले होते. काहीही झाले तरी पट्टी सोडायची नाही आणि जागचे हलायचे नाही, अशी सक्त सूचना होती. खुर्ची ढकलायला नेमलेल्या शिपाईमामांच्या कानांत कापसाचे बोळे होते. त्यांना एक अक्षर ऐकू येत नव्हते. म्हणून कुणीही काहीही विचारले की ते अदबीने मान डोलावत होते. एवढी व्यवस्था करून मॅडम, दुसऱ्या कुणाकडे खुर्च्या मिळतील का हे पाहायला, फोन कानाला लावून बाहेर पडल्या.

साहेबांची अनुभूती पहिल्या दोन मिनिटांत संपली, कारण त्यांना स्वच्छतागृहात जायचे होते. ते उठू लागले. खुर्चीही उठू लागली. ते पुन्हा बसले. डावीकडून प्रयत्न झाला, उजवीकडून झाला, पोट आत ओढून झाला. पोलादी पत्र्यांनी दाद दिली नाही.

"मामा, अडकलो की हो!"

मामांनी मान डोलावली आणि खुर्ची उत्साहाने पुढे ढकलली.

नेमके त्याच वेळी नवे संचालक वेळेआधीच येऊन समोरच्या पायऱ्या चढले. सोबत मुख्यालयाचे तपासनीस होते. इथे या कंपनीची एक रीत सांगणे भाग आहे. ही शाखा अपघात-विम्याचे दावे पाहत असे. चालता येत नाही असे सांगत लोक येत, आणि त्यांना चालता येते हे सिद्ध करण्यासाठी पगार घेणारी माणसे त्यांची वाट पाहत. या कामात या शाखेचे प्रमुख कंपनीभर गाजलेले होते. 'संशयित दावेदारास अकस्मात दचकवावे. तो उठून उभा राहिल्यास दावा खोटा समजावा,' हे त्यांचे परिपत्रक तपासनिसांना तोंडपाठ होते. त्यावर सही मात्र नुसती 'शाखाप्रमुख' एवढीच असे, आणि त्या शाखाप्रमुखांना त्यांनी किंवा संचालकांनी कधी पाहिले नव्हते. व्हीलचेअरवरचा माणूस म्हणजे दावेदार, याखेरीज दुसरा अर्थ त्या दोघांच्या शब्दकोशात नव्हता.

संचालक मनाने दयाळू होते. ते वाकले, आवाज चढवला आणि शब्द सुटे सुटे करत म्हणाले, "काय... आजोबा... कसं... वाटतंय?"

"मी शाखाप्रमुख आहे," साहेब म्हणाले.

संचालकांनी हळहळून शिपाईमामांकडे पाहिले. "डोक्यालाही मार बसलाय का?"

मामांनी अदबीने मान डोलावली.

"अहो, डोकं ठीक आहे माझं! मी इथला साहेब आहे! ही शाखा मी चालवतो!"

"हो हो, तुम्हीच चालवता," संचालकांनी त्यांच्या खांद्यावर थोपटले आणि पुन्हा मामांनाच विचारले, "रागीटपणा अपघातानंतर आलाय की आधीपासून आहे?"

मामांनी मान डोलावली.

साहेबांच्या हयातीत त्यांच्या देखत, त्यांना सोडून, त्यांच्याविषयी कुणी दुसऱ्याला विचारले नव्हते. ते सभागृहाच्या दिशेने ओरडले, "अरे, कुणीतरी सांगा रे यांना मी कोण आहे ते!" मननाला बसलेल्या कर्मचाऱ्यांना या आक्रोशातली उत्कटता फार भिडली. आतून टाळ्यांचा कडकडाट झाला.

"करमणुकीचा कार्यक्रम दिसतोय आत," संचालक म्हणाले. "मी शाखाप्रमुखांना भेटतो. तुम्ही जरा यांच्याकडे बघा." आणि ते केबिनकडे वळले. तपासनीस एका खांबामागे गेले आणि त्यांनी मोबाइलचा कॅमेरा सुरू केला.

केबिनचे दार उघडले तेव्हा भल्या थोरल्या टेबलामागे, उंच पाठीच्या खुर्चीत, संचालकांना एक बाई शांतपणे बसलेल्या दिसल्या.

"उठू नका, उठू नका!" ते घाईने म्हणाले. आयुष्यात प्रथमच कुणीतरी ताईंना ही विनंती केली होती आणि ती मान्य करणे त्यांना मुळीच जड गेले नाही.

"सर, एक सांगायचं होतं. ही केबिन खरं तर—"

"उत्तम ठेवलीय. बाकीचं नंतर सांगा, आधी कामाचं." संचालक बसले आणि थेट मुद्द्यावर आले. "तुमच्याकडच्या त्या अधिकारी बाई. दावेप्रमुखपदासाठी अर्ज आहे त्यांचा. व्हीलचेअरवर असतात म्हणे. आपल्या दोघांतच सांगा, झेपेल त्यांना?"

 आपण कोण ते सांगणारे वाक्य ताईंच्या ओठांपर्यंत आले होते. पण इतक्या वर्षांत प्रथमच त्यांच्या कामाविषयी त्यांना स्वतःलाच कुणी काही विचारत होते.

"काय झेपेल का म्हणताय?" त्यांनी विचारले.

"धावपळ हो. अपघाताच्या जागी जायचं, इस्पितळात जायचं."

"आत्ताचे दावेप्रमुख शेवटचे कधी गेले होते, काही कल्पना?"

संचालक आठवू लागले. "नसतील गेले."

"नाहीच गेले. सकाळी येऊन खुर्चीत बसतात, संध्याकाळी खुर्चीतून उठतात. दिवसभर तेही बसूनच असतात, सर."

संचालक मोठ्याने हसले आणि खुर्ची पुढे ओढून बसले. "बरं, तो गिरणीकामगाराचा दावा. आपण नाकारला आणि कोर्टात सपाटून हरलो. का हरलो?"

आता मात्र ताईंना राहवले नाही. त्या दाव्याचा कागद न् कागद त्यांनी वाचला होता, ओरडून सांगितले होते आणि कुणी ऐकले नव्हते. "हरणारच होतो! तो एकदा उभा राहिला, म्हणून आपण त्याला खोटा ठरवला. व्हीलचेअर वापरणाऱ्याला उभंच राहता येत नाही, हे कुणी सांगितलं आपल्याला? कितीतरी जण उभे राहतात, चार पावलं टाकतात आणि पुढं कोसळतात. कुणाला सकाळी जमतं, दुपारी नाही. आपली चाचणी माणूस दचकतो का एवढंच सांगते, सर. आणि दचकायला पाय लागत नाहीत!"

"वा!" संचालक म्हणाले. "मग चाचणी कशी असावी?"

ताई सांगत सुटल्या. दावेदाराच्या घरी जाऊन पाहायला हवे की तो पाणी कसे आणतो, कामावर परत जायला त्याला नेमके काय लागेल. कधी एक उतार आणि एक रुंद दार एवढेच लागते, आणि तेवढे दिले तर माणूस महिन्याभरात कामावर येतो, दावाही लहान होतो. संचालकांचे प्रश्न संपेनात आणि ताईंची उत्तरे अडेनात. दोघेही एकमेकांचे वाक्य पुरे होण्याआधीच पुढचे बोलू लागले होते, इतकी त्या संभाषणाला रंगत आली होती.

त्याच सुमारास व्हरांड्यात साहेब दिव्यांगांच्या स्वच्छतागृहापाशी पोहोचले होते. दारावर सुबक पाटी होती. दार उघडले आणि आतून समावेशकता-दिनाचे फलक, फुगे, पताका आणि गुंडाळलेली सतरंजी त्यांच्या अंगावर आली. जागेची अडचण म्हणून सजावटीचे सामान तिथे ठेवलेले होते. एरवी ते स्वच्छतागृह वापरणारी व्यक्ती एकच असल्यामुळे ही सोय कुणाला खटकली नव्हती.

साहेब फुग्यांत बुडून हतबल झाले आणि खांबामागच्या तपासनिसांना वाटले, हीच वेळ. परिपत्रकाला स्मरून ते जिवाच्या आकांताने ओरडले, "साप! साप!"

साहेब उठले. खुर्ची अंगाला धरूनच होती, तीही उठली. कमरेत वाकलेले, पाठीमागे चाके गरगरणारे, गळ्यात पताका अडकलेले साहेब जे सुसाट निघाले ते थेट सभागृहात घुसले. "साप!" हा शब्द आत पोहोचलाच होता. हलायचे नाही ही सूचना विसरली गेली. पट्टी सोडायची नाही ही मात्र सर्वांनी निष्ठेने पाळली. डोळे बांधलेले सारे कार्यालय एकाच वेळी दाराकडे धावले आणि दार समजून पुस्तकांच्या कपाटावर, खिडकीवर आणि अल्पोपाहाराच्या टेबलावर जाऊन आदळले. हिशेबनिसांच्या हाती काहीतरी लांब आणि गुळगुळीत लागले. ते ध्वनिक्षेपकाची वायर आहे हे कळेपर्यंत त्यांनी ते धैर्याने बडवून काढले.

"पकडला, सर, पकडला!" तपासनीस साहेबांना पुढे घालून केबिनमध्ये शिरले. त्यांचा चेहरा कृतार्थ झाला होता. "उठला, पळाला! सगळं चित्रीकरणात आलंय. असला निगरगट्ट दावेदार उभ्या नोकरीत पाहिला नाही. वर म्हणतो, शाखाप्रमुख आहे!"

साहेब दाराशीच चाकांवर आदळून धापा टाकत होते. संचालक ताईंकडे वळले. "तुमच्याच व्हरांड्यात ही फसवणूक. बोला, काय करायचं याचं?"

साहेबांनी ताईंकडे पाहिले. आजवर शेकडो दावेदार त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहत आले होते, तीच नजर आता त्यांच्या डोळ्यांत होती. "ताई," ते कसेबसे म्हणाले, "सांगा हो यांना, मी खरा आहे."

ओळखत नाही, एवढे दोन शब्द पुरले असते. ताईंनी ते मनात उच्चारून पाहिले; फार गोड वाटले. मग त्या म्हणाल्या, "हे आमचे शाखाप्रमुख आहेत, सर. खुर्ची माझी आहे. त्यात ते अडकलेत. आणि अर्ज केलेली ती अधिकारी मी."

संचालकांनी टेबलाच्या कडेवरून वाकून पलीकडे पाहिले, जणू ताईंच्या पायांकडून दुजोरा हवा होता. "मग मघापासून मी कुणाशी बोलत होतो?"

"उमेदवाराशी."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?"

"सांगत होते. तुम्ही म्हणालात, नंतर."

संचालकांचा चेहरा कठोर झाला. "नंतरही बोलला नाहीत. याला फसवणूक म्हणतात, बाई. अशानं हे पद मिळत नसतं."

"पुन्हा कॅमेरा लावू, सर?" तपासनिसांनी आशेने विचारले.

ताईंनी सरळ संचालकांकडे पाहिले.  "चूक झाली, सर. पण मी दिलेल्या उत्तरांतलं कुठलं खोटं होतं?"

संचालकांनी उत्तरे बोटांवर मोजली. "एकही नाही."

"मग एकच विचारते. मी माझ्या खुर्चीत बसून मुलाखतीला आले असते, तर यातला कुठला प्रश्न तुम्ही मला विचारला असता?"

 संचालकांना खोटे बोलणे सहज शक्य होते. तसे पाहता तो मुलाखतींचा शिष्टाचारच होता. पण ते कानांच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले आणि हळू आवाजात म्हणाले, "घरून कोण सोडतं, ते विचारलं असतं."

"भाऊ सोडतो," ताई म्हणाल्या. "झाली तीही मुलाखत."

संचालक उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी हात पुढे केला. "सोमवारपासून दावेप्रमुख. ती घरी जाऊन पाहायची पद्धत पहिल्या दिवसापासून हवी मला. मंजूर?"

"पण सर, माझी शिफारस—" साहेब म्हणाले.

"तुम्ही आधी मोकळे व्हा."

नेमक्या याच क्षणी मनुष्यबळ अधिकारी मॅडम दारात अवतरल्या. टेबलामागे ताई, त्यांचा हात हाती घेतलेले संचालक आणि बाजूला व्हीलचेअरमध्ये पताका ल्यालेले, डोळे पाणावलेले साहेब, हे दृश्य पाहून त्यांचा ऊर भरून आला. "अय्या! हलू नका कुणी!" म्हणत त्यांनी फोटो काढला आणि कुणी काही बोलायच्या आत तो मुख्यालयाच्या बातमीपत्राकडे धाडूनही दिला.

पुढची खटपट साहेबांना सोडवण्याची होती. कुणीतरी करवत आणावी म्हणाले, तेव्हा ताईंनी फक्त "नेमकं काय कापणार?" एवढेच विचारले. शेवटी मामांनी खुर्ची आणि हिशेबनिसांनी साहेब धरले, आणि दोन्ही पक्षांनी विरुद्ध दिशांना ओढल्यावर साहेब बुचासारखे निघाले.

बातमीपत्र दुसऱ्याच दिवशी निघाले. पहिल्या पानावर तो फोटो होता आणि त्याखाली भला मोठा मजकूर. मुख्यालयात बातमीपत्र काढणारे या मंडळींना ओळखत नव्हते; मॅडमनी मागाहून पदे आणि नेमणूक तेवढी कळवली होती. त्यांनी जे दिसले ते छापले. 'नियतीवर मात करणारे शाखाप्रमुख' या मथळ्याखाली साहेबांच्या दुर्दम्य जिद्दीचे दोन रकाने भरून वर्णन होते. संध्याकाळपर्यंत साहेबांना देशभरातल्या शाखांतून फोन आले. आपल्याला पाहून जगण्याचे बळ मिळाले, असे लोक गहिवरून सांगत होते. एका शाखेने त्यांना व्याख्यानाला बोलावले आणि येताना घरून कोण सोडेल, अशी आपुलकीने चौकशीही केली. साहेबांनी मॅडमना बोलावून खुलासा छापण्याचा हुकूम सोडला.

"कशाला, सर!" मॅडम म्हणाल्या. "किती प्रेरणादायी झालंय! आता तुम्ही चालता हे कळलं, तर लोकांचं मन मोडेल."

त्या संध्याकाळी ताईंनी घरी येऊन बातमीपत्र आईपुढे उघडले. आई चष्मा लावून सज्ज झाली. "वाच गं. तुझ्याबद्दल काय काय लिहिलंय?"

फोटोखालच्या मजकुरात ताईंविषयी एकच वाक्य होते. त्यांनी ते सावकाश, स्पष्ट वाचले. "'विम्याच्या दाव्यांची जाणकार असलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची दावेप्रमुखपदी नेमणूक झाली असून त्या तपासणीची नवी पद्धत लागू करणार आहेत.'"

आई पुढच्या वाक्याची वाट पाहत राहिली. "आणि?"

"संपलं."

"एवढंच? तुझ्या खुर्चीचं नाही, सोसलेल्याचं नाही, काही म्हणजे काहीच नाही?"

"नाही."

"कमाल आहे बाई लोकांची," आई चिडून म्हणाली. "हे तर कुणाबद्दलही लिहितात!"

"हो ना!" ताई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद आईला काही केल्या उमगेना. "पुन्हा वाचू?"